सांगलीतल्या ज्येष्ठांसाठी विरंगुळा, सहली आणि सवलती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या विरंगुळा केंद्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, फोनवर आणि बाकावर बसल्या बसल्या जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथं एकत्र केलेत. काही आजी-आजोबांनी स्वतः विचारलेत, बरेचसे त्यांच्या पुण्या-मुंबईतल्या लेकरांनी. प्रश्नांना नंबर टाकलेत, त्यामुळं एका ठिकाणी लिहिलेलं दुसरीकडं परत लिहिलेलं नाही, तिथं फक्त नंबर दिलाय.

१. विरंगुळा केंद्र म्हणजे नेमकं काय? वृद्धाश्रमासारखं असतं का?

नाही हो. इथं कुणी राहत नाही. सकाळी नाहीतर संध्याकाळी दोनेक तास यायचं, पेपर वाचायचा, कॅरम खेळायचा, थोडा व्यायाम, भरपूर गप्पा, आठवड्यातून एखादा ठरलेला प्रोग्राम आणि मग आपापल्या घरी. जागा कुठं बागेतली खोली असते, कुठं समाजमंदिर, कुठं देवळाचा सभामंडप. "आम्हाला काय घरात कुणी नाही काय" असं म्हणून सुरवातीला खूप जण येत नाहीत, त्यांना वाटतं इथं आलो म्हणजे घरचे सांभाळत नाहीत असा अर्थ निघेल. तसं अजिबात नाही. घरात माणसं असतात, पण आपल्या वयाचं, आपल्या वेळच्या गोष्टी माहीत असलेलं कुणी नसतं, आणि ते माणूस भेटावं म्हणूनच ही जागा आहे.

२. वय किती पाहिजे? कुणी साठ म्हणतं, कुणी पासष्ट, कुणी पंच्याहत्तर, खरं काय?

सगळेच खरं बोलतायत, कारण प्रत्येक सोयीचं वय वेगळं आहे. केंद्रात यायला ६०. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यातही ६० च आहे (प्र. २० बघा). एसटीत अर्ध्या तिकिटाला ६५ आणि मोफत प्रवासाला ७५ (प्र. १३). आयुष्मानच्या वय वंदना कार्डाला ७० (प्र. १६). मुख्यमंत्री वयोश्री योजनेला ६५ (प्र. १०), तीर्थदर्शन योजनेला ६० (प्र. १२). म्हणून ग्रुपवर कुणीतरी "ज्येष्ठांना अमुक मिळतंय" असं टाकलं की आधी विचारायचं, किती वयाच्या ज्येष्ठांना.

आता खरी अडचण. आपल्याकडं निम्म्या लोकांची जन्मतारीख १ जून आहे, कारण शाळेत घालताना गुरुजींनी ती टाकली. खरं वय दोन वर्षांनी जास्त असलं तरी कागदावर जे आहे तेच चालतं, त्यावर कंडक्टरशी भांडून काही उपयोग नाही. आधारवर नुसतं जन्मसाल असेल, पूर्ण तारीख नसेल, तर ती आधार केंद्रात जाऊन टाकून घ्या, पण नीट कागद बघून, कारण जन्मतारीख एकदाच बदलून मिळते.

नवरा-बायकोतलं एक साठीच्या आत असेल तर केंद्रात दोघांनी या, आम्ही कुणाला दारातून परत पाठवत नाही. सरकारी सवलत मात्र ज्याची त्याला.

३. नाव नोंदवायला काय काय लागतं? मुलाची सही लागते का?

मुलाची सही कशाला? तुमचं नाव तुम्हीच नोंदवायचं. आधारचं झेरॉक्स, एक फोटो, आणि एक कागद ज्याच्यावर तीन गोष्टी लिहिलेल्या असतील: रोज चालू असलेल्या गोळ्या, कशाची ॲलर्जी असेल तर ती, आणि अडीनडीला फोन करायचे दोन नंबर. दोन नंबरांतला एक तरी सांगलीतलाच पाहिजे. लोक हमखास दोन्ही नंबर मुलांचे देतात, एक बाणेरचा आणि एक बंगळूरचा, आणि इथं आजोबांना चक्कर आली तर ती दोघं तिथून काय करणार? शेजाऱ्याचा द्या, भाच्याचा द्या, रोजच्या रिक्षावाल्याचा दिला तरी चालेल.

लेकीकडं राहता, आधार गावाकडचं आहे, तरी केंद्रात यायला काही अडत नाही. योजनांच्या अर्जाला मात्र पत्ता, रेशनकार्ड, रहिवासी दाखला असलं सगळं बघतात, ते आधी विचारून घ्या.

४. फी किती?

वर्गणी नावापुरती असते, ती प्रत्येक ठिकाणी वेगळी. सहलीचा खर्च वेगळा काढतात आणि पैसे आधी सांगतात. ज्यांना जमत नाही त्यांनी केंद्र चालवणाऱ्याला बाजूला घेऊन सांगा, चारचौघांत बोलायची गरज नाही, आणि तेवढ्यासाठी यायचं थांबवू नका.

५. रोजचं टायमिंग काय? उन्हाळ्यात बंद असतं का?

बंद नसतं, वेळ सरकते. मार्च संपला की सांगलीचं ऊन तुम्हाला माहीत आहे, एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला जातो, तेव्हा सकाळी साडेसहाला सुरू करून नवाच्या आत सगळ्यांना घरी पाठवायचं आणि संध्याकाळी साडेपाचच्या आधी दार उघडायचं नाही. थंडीत उलट, सकाळी सातपर्यंत कुणाला बाहेर काढू नये, दम्याच्या लोकांना गार हवा सोसत नाही.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. वर्षाला चार मोठे प्रोग्राम कमी झाले तरी चालतील पण रोजचं दार ठरलेल्या वेळेला उघडलं पाहिजे. घरातून काठी टेकत निघालेला माणूस येऊन बघतो तर कुलूप, असं दोनदा झालं की तो तिसऱ्यांदा येत नाही आणि का येत नाही ते सांगतही नाही. म्हणून किल्ली दोघांकडं ठेवायची.

६. वर्षभरात काय काय प्रोग्राम असतात?

जानेवारीत संक्रांत, तिळगूळ, हळदीकुंकू (प्र. ७), आणि थंडी आहे तोवर कुणाच्या तरी रानात हुरडा. मार्च-एप्रिलात गुढीपाडवा, रामनवमी, त्यानंतर ऊन म्हणून बैठे खेळ. १५ जूनला ज्येष्ठांच्या छळाविरुद्धचा जागतिक दिवस असतो, त्या आठवड्यात वकील किंवा पोलिस बोलवून कायद्याची आणि फसवणुकीची माहिती (प्र. २०), आणि २१ जूनला योग दिन. मग आषाढी. जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरचं काही ठरवायचं नाही, नदीवर लक्ष (प्र. १९). गणपतीत संस्थानच्या गणपतीचं दर्शन, पण गर्दीच्या दिवशी नाही, एखाद्या साध्या दिवशी सकाळी लवकर. नवरात्रात हादगा, बायकांना जुनी गाणी सगळी पाठ असतात, हत्तीच्या चित्राभोवती फेर धरायला सगळ्यांना जमत नाही तर निम्म्या खुर्च्यांवर बसून म्हणतात, तरी रंगतं. १ ऑक्टोबर हा जागतिक ज्येष्ठ दिन, तेव्हा तपासणी शिबिर. कोजागिरीचं दूध रात्री नऊच्या आत उरकायचं. ५ नोव्हेंबर मराठी रंगभूमी दिन, तो सांगलीत नाही करायचा तर कुठं करायचा (प्र. ८). नोव्हेंबरभर हयातीचे दाखले (प्र. १५), आणि डिसेंबरात मोठी सहल (प्र. १२).

हे सगळं सगळ्यांनी केलंच पाहिजे असं नाही. महिन्याला एक ठरलेला प्रोग्राम पुरतो.

७. हळदीकुंकवाला मिस्टर वारलेल्या बायकांनी आलेलं चालतं का? आईची इच्छा आहे पण ती घाबरते.

चालतं असं नाही, त्यांनी यायचंच आहे. आमच्या शेजारच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. म्हणजे हे कुणाच्या मनातलं खूळ नाही, आपल्याच भागातून सुरू झालेलं आहे.

पण ठराव वेगळा आणि चाळीस वर्षांचं वळण वेगळं, हेही खरंय. एका संक्रांतीला एक काकू आल्या, तिळगूळ घेतला, वाण घेतलं, पण कुंकवाची पाळी आली तशा एक पाऊल मागं सरकल्या आणि पदर ओढून घेतला. करंडा घेतलेल्या काकूंनी घाई केली नाही, नुसतं हळू विचारलं, "लावू का?" त्यांनी मान हलवली आणि कपाळ पुढं केलं. एवढंच. म्हणून आमच्याकडं पद्धत अशी की प्रत्येकीला, सवाष्ण असो नसो, विचारूनच लावायचं. नको म्हटलं तर फूल द्यायचं, आणि वाण सगळ्यांना सारखंच. आईला सांगा पहिल्या वर्षी नुसतं बसायला या.

८. नुसतं भजन आणि योगा? बाकी काही नसतं का?

हा प्रश्न जास्त करून पुरुष विचारतात आणि बरोबर विचारतात. सगळ्यांनाच भजन आवडतं असं नाही. सांगली-मिरजेत तर कलेला काही कमी नाही: विष्णुदास भाव्यांनी १८४३ ला सांगलीत पहिला नाट्यप्रयोग केला, नाटककार देवल हरिपूरचे, मिरजेत तंतुवाद्यं करणारी घराणी आहेत आणि गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठवणीत मिरासाहेब दर्ग्यात गाण्याची सभा होते. आपल्या केंद्रात येणाऱ्यांपैकी कुणी ना कुणी तरुणपणी गणेशोत्सवात नाटकात काम केलेलं असतंच, विचारून बघा. जुन्या नाटकाचा एखादा प्रवेश वाचायला घ्या, पाठांतर नको, हातात वही घेऊन वाचायचं. मोठ्या अक्षरात झेरॉक्स काढा, सोळा नाही, वीसच्या फाँटमध्ये, नाहीतर अर्धा वेळ चष्म्यातच जातो.

शिवाय बुद्धिबळ, पत्ते (पैसे लावून नाही, यावर तडजोड नको), मोबाईल शिकवायचा तास, बागकाम. सगळ्यात जास्त चाललेलं काय विचाराल तर "माझी नोकरी": आठवड्याला एकानं आपल्या कामाबद्दल बोलायचं. साखर कारखान्यातले फिटर, हळदीच्या सौद्यात बसलेले अडते, शाळेतल्या बाई, एसटीचे ड्रायव्हर. ज्यांना कुणी कधी बोलायला लावलं नाही ती माणसं तास तास बोलतात.

९. गुडघे दुखतात, खाली बसता येत नाही. व्यायाम कसा करू?

खुर्चीवर. निम्म्याहून जास्त जण खुर्चीवरच करतात, त्यात कमीपणा काही नाही. खुर्ची हात असलेली घ्या आणि भिंतीला टेकवून ठेवा, नुसती प्लॅस्टिकची खुर्ची गुळगुळीत फरशीवर उठताना मागं सरकते आणि माणूस खाली बसतो, म्हणजे पडतोच.

बीपी असेल तर श्वास कोंडून धरायचे प्रकार करू नका. काचबिंदू असेल तर डोकं खाली जाईल असं कुठलंच आसन नको, डोळ्यातला दाब वाढतो, आणि हे शिकवणाऱ्याला आपणहून सांगा कारण त्याला दिसत नसतं. शुगरची गोळी किंवा इन्शुलिन असेल तर रिकाम्या पोटी फिरायला येऊ नका, खिशात खडीसाखर ठेवा, घाम फुटून हात थरथरायला लागले तर आधी ती तोंडात टाका मग बाकीचं. सकाळी उठताना झटकन उठू नका, पलंगाच्या कडेला मिनिटभर बसा. गुडघ्याचं ऑपरेशन झालं असेल तर तुमच्या डॉक्टरांनी काय करायला सांगितलंय ते कागदावर लिहून आणा, शेजारचा काय करतो ते बघून करू नका.

१०. वडिलांना ऐकू कमी येतं, ते म्हणतात मला तिथं काही कळत नाही. काय करता येईल?

स्पीकरचा आवाज वाढवला की लोकांना वाटतं झालं काम. उलट होतं, नुसता गोंगाट वाढतो. समोर बसून, तोंड दिसेल असं, सावकाश बोललेलं जास्त कळतं. हाउजीचे आकडे नुसते पुकारायचे नाहीत, फळ्यावर मोठे लिहायचे. वडिलांना पहिल्या ओळीत जागा ठेवायला सांगा.

आधी कान तपासून घ्या, कधी कधी नुसता मळ असतो. मशीनसाठी दोन वाटा आहेत. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत शिबिरात तपासून कानाचं मशीन, काठी, चष्मा, व्हीलचेअर अशा वस्तू मिळतात, त्याला ६० वय आणि कमी उत्पन्नाची अट आहे. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्रीत ६५ वरच्यांना, वर्षाचं उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल तर, एकदाच ३००० रुपये खात्यावर येतात, त्यात चांगलं मशीन बसत नाही पण काठी, कमरेचा पट्टा, चष्मा होतो. अर्ज चालू आहेत का ते समाजकल्याण कार्यालयात विचारून मगच कागद गोळा करा.

११. वाढदिवसाला पेढे वाटले तर चालतील का?

वाटा की. फक्त सोबत फुटाणे, शेंगदाणे, फळं असं काहीतरी ठेवा म्हणजे शुगरवाल्यांना "मला नको" म्हणून हात मागं घ्यावा लागत नाही. भडंग तर असतंच, पण कवळीवाल्यांसाठी केळी आणा.

१२. सहली कुठं नेता? आईला बसमध्ये चढता येत नाही, बाथरूमला पण सारखं लागतं.

सहल ठरवताना आम्ही ठिकाण शेवटी बघतो, आधी वाटेतलं बाथरूम बघतो. दर तासा-दीड तासाला एक थांबा, तिथं स्वच्छ संडास आहे का, कमोड आहे का, हे कुणीतरी आधी जाऊन बघून येतं. बायका सहलीला नाही म्हणतात त्यामागं बऱ्याचदा हेच कारण असतं, आणि बाथरूमला लागू नये म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाहीत, मग उन्हात चक्कर येते. बसमध्ये चढायला लाकडी पाट किंवा मजबूत स्टूल सोबत घेतो. अंधार पडायच्या आत परत.

अर्ध्या दिवसाला हरिपूर, कृष्णा-वारणेचा संगम आणि संगमेश्वराचं देऊळ. वाडीला, म्हणजे नृसिंहवाडीला, सगळ्यांनाच जायचं असतं, पण घाटाच्या पायऱ्या आहेत, ज्यांना जमत नाही त्यांनी वरूनच दर्शन घ्यावं. पावसाळ्यात तर देवळात पाणी येतं, दक्षिणद्वार सोहळा म्हणून भाविक मुद्दाम जातात, पण ओल्या पायऱ्या, प्रवाह आणि गर्दी, आपला ग्रुप तेव्हा नेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. औदुंबर झाडीतलं आणि शांत. खिद्रापूरचं कोपेश्वर कितीही वेळा बघा, स्वर्गमंडपात वर्तुळाकार उघडं छत, खुर्ची टाकून बसलं तरी तासभर जातो. हरणं बघायला सागरेश्वर. दंडोबाला चढ आहे, गुडघे बरे असतील त्यांनीच या. पंढरपूरला मिरजेहून रेल्वेनं जाता येतं, एकादशी सोडून बाकीच्या दिवशी जा.

लांबच्या यात्रेसाठी राज्याची मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना आहे, ६० वर्षांवर, उत्पन्न अडीच लाखांच्या आत, माणशी ३० हजारांपर्यंत खर्च. अर्जाचं तेच, प्र. १० मध्ये लिहिलंय तसं आधी चौकशी.

१३. एसटीत नक्की कुणाला फुकट आणि कुणाला अर्धं?

७५ पूर्ण झालेल्यांना मोफत, ही अमृत ज्येष्ठ नागरिक योजना ऑगस्ट २०२२ पासून चालू आहे. ६५ ते ७५ ला अर्धं तिकीट. बायकांना तर मार्च २०२३ पासून कुठल्याही वयात अर्धं, त्यामुळं ६६ वर्षांच्या बाईंना अर्ध्याचं अर्धं होत नाही, एकच सवलत लागते.

मोफत असलं तरी कंडक्टरकडून शून्य रुपयाचं तिकीट घ्यायचंच. आगाऊ रिझर्व्हेशन केलं तर त्याचा आकार भरायला लागतो. आधार कार्ड ओरिजिनल जवळ ठेवा, झेरॉक्स दाखवून वाद होतात. आणि ७५ ची मोफत सवलत सिटी बसला नाही, ती लांबच्या गाड्यांना आहे, विश्रामबागेतनं मिरजेला जाताना हा वाद रोजचा आहे.

१४. मग मिरजेतनं अथणीला, बेळगावला जाताना? आणि रेल्वेत काय?

आपला जिल्हा कर्नाटकाला लागून, म्हणून हे सांगायलाच पाहिजे. एसटीची सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच, पुढचं तिकीट पूर्ण पडतं. आणि ती आपल्या लाल परीत, कर्नाटकच्या बसमध्ये नाही. तिकडच्या शक्ती योजनेत बायकांना मोफत प्रवास आहे पण तो कर्नाटकच्या रहिवासी बायकांना, आपल्या आधारवर मिळत नाही. लेक तिकडं दिलेल्या आयांनी जाताना तेवढे पैसे वेगळे ठेवावेत.

रेल्वेची ज्येष्ठांची तिकीट सवलत मार्च २०२० ला बंद केली. खालच्या बर्थचा कोटा मात्र आहे, पुरुषांना ६० आणि बायकांना ४५ पासून, बुकिंग करताना तो कोटा निवडायचा, आणि वय बरोबर टाकायचं.

१५. हयातीच्या दाखल्याला मदत करता का?

करतो, नोव्हेंबरात ठरलेल्या दिवशी मोबाईलवरून. आधार, पेन्शनचा पीपीओ नंबर, बँकेचं पासबुक आणि आधारला जोडलेला मोबाईल घेऊन यायचं, ओटीपी येतो म्हणून मोबाईल सुनेकडं ठेवून येऊ नका. शेतात, कारखान्यात आयुष्यभर काम केलेल्यांचे अंगठ्याचे ठसे झिजलेले असतात, मशीनवर उठतच नाहीत, त्यांचं चेहरा दाखवून होतं. सरकारी पेन्शनवाल्यांना नोव्हेंबर, त्यात केंद्र सरकारचे पेन्शनवाले ८० वरचे असतील तर १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. कारखान्यातल्या ईपीएसवाल्यांना, म्हणजे पीएफ ऑफिसची पेन्शन घेणाऱ्यांना, नोव्हेंबरच असं काही नाही, कधीही द्या, तिथून वर्षभर चालतो. ज्यांना अंथरुणातून उठता येत नाही त्यांचं नाव कळवा, घरी येऊन करतो.

१६. सत्तरीनंतरचं आयुष्मान कार्ड श्रीमंतांना पण मिळतं का?

मिळतं. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वरच्या कुणालाही, उत्पन्नाची अट नाही, आधार लागतं. वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार, पण ते एका घरातल्या सत्तरीवरच्या सगळ्यांत मिळून, नवरा-बायकोला वेगवेगळे पाच-पाच नाहीत. ॲडमिट झाल्यावरचा खर्च धरतात, रोजच्या बीपीच्या गोळ्या यात नाहीत. आणि योजनेतलंच हॉस्पिटल पाहिजे, ते ॲडमिट व्हायच्या आधी विचारायचं.

माजी सैनिक आपल्याकडं पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठी: ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) असेल तर दोन्हींतलं एकच निवडायचं आहे, घाई करू नका. खाजगी मेडिक्लेम असेल तर मात्र दोन्ही ठेवता येतात.

१७. आई एकटी असते, दिवसभर टीव्ही. मी पुण्यातून किती वेळा सांगितलं, जातच नाही. काय करू?

फोनवरून सांगून कुणी जात नाही. "तू तिथं जा, तुला बरं वाटेल" असं म्हटलं की आईला ऐकू येतं, "मला तुझी काळजी करायला वेळ नाही." त्याच्याऐवजी पुढच्या सुट्टीत आलात की स्वतः सोबत या, तासभर आमच्यात बसा. किंवा आम्हाला कळवा, आमच्यातल्या तिच्या गल्लीतल्या एक काकू येता येता तिला हाक मारतील. हाक मारून नेलेली माणसं टिकतात. आणि तिला काहीतरी काम द्यायला सांगा, हजेरीची वही, फुलझाडांना पाणी, काहीही. आपली वाट कुणीतरी बघतंय हे कळलं की ती आपोआप चपला घालते.

आम्ही पण एक करतो: दोन दिवस कुणी दिसलं नाही की तिसऱ्या दिवशी फोन, फोन उचलला नाही तर घरी चक्कर. हजेरी घेतो ती यासाठीच.

१८. आजोबा विसरतात, कधी कधी वाट चुकतात. त्यांना आणलं तर चालेल?

आणा, पण पहिले काही दिवस घरचं कुणीतरी सोबत बसा, आणि एकटं सोडू-आणू नका. रोज एकच खुर्ची, एकच वेळ. खिशात नाव आणि फोन नंबरची चिठ्ठी, शर्ट बदलला तरी चिठ्ठी बदलली पाहिजे. त्यांना "ओळखलं का मला?" असं कुणी विचारायचं नाही, आपणच आपलं नाव सांगायचं.

चावी कुठं ठेवली ते विसरणं वेगळं आणि ओळखीच्या रस्त्यावर घर न सापडणं वेगळं. दुसरं होत असेल तर डॉक्टरांना दाखवा, वय झालं म्हणून सोडून देऊ नका. बी-ट्वेल्व्ह किंवा थायरॉईड कमी असल्यानं पण विसरायला होतं आणि त्याच्यावर औषध आहे.

१९. पुराच्या वेळी केंद्राचं काय होतं?

कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा आणि ४५ ला धोका, हे आकडे सांगलीत लहान पोराला पण पाठ आहेत. आमचा नियम असा की इशाऱ्याची पातळी येण्याची वाट बघायची नाही, कोयनेचा विसर्ग वाढला आणि पाणी चढायला लागलं की केंद्र बंद आणि फोनची साखळी सुरू. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, कर्नाळ रोड, दत्तनगर, काकानगर या बाजूच्या सदस्यांना आधी फोन. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, ज्या घरात कधी आलं नव्हतं तिथं आलं, आणि वरच्या मजल्यावर अडकलेल्या म्हाताऱ्या माणसांचे सगळ्यात जास्त हाल झाले, कारण "२००५ ला इथपर्यंत आलं नव्हतं" म्हणून ती निघालीच नाहीत.

म्हणून जून संपायच्या आत प्रत्येकानं एक पिशवी भरून ठेवायची: पंधरा दिवसांच्या गोळ्या आणि त्यांची चिठ्ठी, आधार-पासबुक प्लॅस्टिकमध्ये, जादा चष्मा, कवळीची डबी, चार्जर, थोडे सुटे पैसे. आणि कुणाकडं जायचं ते आत्ताच ठरवून त्यांना सांगून ठेवायचं. पोरांनी फोनवर "निघा" म्हटलं की वाद न घालता निघायचं, दिवसा उजेडी निघायचं, रात्री बोटीत चढणं या वयात फार अवघड आहे.

२०. घरात त्रास होतोय, कुणाला सांगू? आणि पैशाचे फसवे फोन येतात त्याचं काय?

आधी आमच्यातल्या ज्याच्यावर विश्वास आहे त्याला सांगा, ग्रुपवर लिहू नका. १४५६७ ही ज्येष्ठांची मोफत हेल्पलाइन आहे, सकाळी ८ ते रात्री ८, मराठीत बोलतात. मुलं सांभाळत नसतील तर २००७ च्या कायद्याखाली प्रांत कार्यालयात अर्ज करता येतो, महिन्याला १० हजारांपर्यंत पोटगी देण्याचा आदेश होऊ शकतो. घर-जमीन सांभाळायच्या अटीवर बक्षीसपत्रानं दिली आणि नंतर सांभाळलं नाही तर ते बक्षीसपत्र रद्द करायला तिथंच मागणी करता येते, पण ती अट कागदात लिहिलेली पाहिजे. म्हणून सही करायच्या आधी वकिलाला दाखवा, आणि जिवंतपणी सगळं नावावर करून मोकळं होऊ नका, हे मी प्रत्येकाला सांगतो. कुणाला वाईट वाटलं तरी सांगतो.

फोनचं: डिजिटल अरेस्ट म्हणून कायद्यात काही नाही. व्हिडिओ कॉलवर पोलिसाचा ड्रेस घालून कुणी धमकावलं तर फोन ठेवा आणि शेजाऱ्याला हाक मारा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन, जितक्या लवकर तितकी रक्कम अडवायची शक्यता जास्त. लाजेनं गप्प बसू नका, शिकल्या-सवरल्या माणसांचे पण गेलेत.

२१. आमच्या कॉलनीत असं केंद्र सुरू करायचं तर रजिस्ट्रेशन लागतं का?

सुरवातीला नाही. जागा, तिथं पायऱ्या न चढता जाता येईल असं बाथरूम, पिण्याचं पाणी, हात असलेल्या दहा-बारा खुर्च्या, दोन किल्ल्या (प्र. ५) आणि हजेरीची वही, एवढ्यावर सुरू होतं. देणग्या घ्यायच्या असतील, बँकेत खातं काढायचं असेल, महापालिकेकडं जागा मागायची असेल, तेव्हा संस्था नोंदवा. त्याला कमीत कमी सात सभासद आणि नियमावली लागते, काम धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होतं. पदाधिकारी निवडताना एक जण तरी साठीच्या आतला घ्या, बँकेच्या आणि ऑफिसच्या चकरा त्याला मारता येतात, आणि निम्म्या तरी बायका घ्या. पहिलं वर्ष मात्र नोंदणीच्या मागं घालवू नका, माणसं रोज यायला लागली की कागद नंतर होतात.